पाण्यातलं शहर आणि हसनभाईंची कॅसेट

विमानाने जेद्दा सोडलं तरी हसनभाई खिशातला पासपोर्ट चाचपतच होते. सौदीतल्या यान्बूत आमचे पासपोर्ट कफीलकडे (ज्याच्या नावावर आपण राहतो तो मालक) असत. इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, जमा केला तेव्हा कुठे ते हाती आले. तेलाच्या पैशाने तिथे वाळूत कारखान्यांमागून कारखाने उठत होते. ते थंड ठेवायला समुद्राचं पाणी ओढणारे आमचे पंप हॉलंडचे, म्हणून शिकायला आम्हा दोघा फिटरांना ॲमस्टरडॅमला धाडलं होतं. मी सांगलीकडचा, हसनभाई रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे. त्यांच्या बॅगेत आईची कॅसेट होती.

आमच्या कामगारांच्या कॅम्पात तेव्हा पत्रापेक्षा कॅसेट बरी वाटे. घरचा आवाज ऐकू येई. ही मात्र धाकट्या भावासाठी होती. युसुफ बोटीवर खलाशी होता. काही वर्षांपूर्वी हॉलंडला उतरला तो परतलाच नाही. आईचं म्हणणं एवढंच, की एकदा तोंड दाखवून जा. तो येणार की नाही, हे विचारून यायचं होतं.

शहर बघून मी चक्रावलो. रस्ता म्हणावा तिथे कालवा. घरं अरुंद, उंच आणि चक्क पुढे कललेली. आमच्या शिकवणाऱ्या साहेबाने सांगितलं, की जुनी घरं लाकडी खांबांवर उभी आहेत आणि लाकूड पाण्याखाली असेपर्यंत कुजत नाही. जिने इतके चिंचोळे की कपाट वर जात नाही. म्हणून घराच्या माथ्यावर हूक, त्यावरून दोर, आणि सामान खिडकीतून आत. भिंतीला घासू नये म्हणून घर पुढे कललेलं. कालव्यांतून गाळासोबत सायकलीही निघतात म्हणे! गावी सांगायला चांगला मसाला मिळाला म्हणून मी खूश होतो.

कोपऱ्यावर एक माणूस खारवलेली कच्ची हेरिंग (बांगड्याएवढी मासळी) कांदा घालून विकत होता. मी खाल्ली. हसनभाई दोन पावलं मागे सरले.

"आमच्याकडं मांजरपन फोडणीची वाट बघताय, पाटील!"

रविवारी, त्याच्या एका जुन्या खलाशी सोबत्याने दिलेल्या पत्त्यावर, युसुफ सापडला. तो कालव्यातल्या बोटीतच राहत होता. बोटीला घर नंबर, टपालपेटी, खिडकीत फुलझाडं. दारात लहान मुलाचे बूट होते. एक गोरी बाई हसून कॉफी ठेवून गेली. टेपरेकॉर्डरवर आईचा आवाज सुरू झाला तसा युसुफ मान खाली घालून बसला.

कॅसेट थांबल्यावर हसनभाईंनी विचारलं, "मंग? येशील काय?"

"भाय, तूच सांग ना तिला."

"मी नाय सांगनार. तूच बोल." त्यांनी कॅसेटची बाजू उलटून रेकॉर्डिंगचं बटण दाबलं.

युसुफने घसा खाकरला. "आये, हतली घरा लाकडाच्या खांबावर हायेत..." आणि मग बाजू संपेपर्यंत तो तेच सांगत राहिला: हूक, कललेल्या भिंती, पाण्यातल्या सायकली. माझा सगळा मसाला त्याच्या तोंडून ऐकताना मला कसंसंच झालं. येण्याचं नाव नाही, बाईचं नाही, मुलाचं नाही. हसनभाईंनी कॅसेट काढून बॅगेत ठेवली.

यान्बूत उतरलो, पासपोर्ट कफीलकडे गेले, पुन्हा तेच ऊन आणि तेच पंप. सुट्टीवर निघालेल्या एकाबरोबर कॅसेट गावी गेली. आईच्या उत्तराची कॅसेट यायला बरेच दिवस लागले. शुक्रवारी जेवणानंतर हसनभाईंनी मला खोलीत बोलावलं. एकट्याने ऐकायची त्यांची छाती होत नव्हती. म्हातारी रडेल, शाप देईल, असं मलाही वाटत होतं.

आवाज शांत होता. "हसन, युसुफचा सगला आयकला. भाड्यान् ऱ्हानारा मानूस कपाट कसा चढवतात ता कशाला बघंल? त्यान् घर केलान् तकडं. आता त्याला ये म्हनून सांगू नको. सुनंचा नाव काय, तवढा इचारून कळव."

हसनभाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या शहराबद्दल मी आजही तासभर बोलू शकतो. पण जिच्या हातची कॉफी प्यायलो, तिचं नाव आम्ही दोघांनीही विचारलं नव्हतं.