उजव्या सीटवर माणूस हवा

चिकलठाण्याच्या त्या फ्लाइंग स्कूलमध्ये अमृता खरात आठ वर्षं विमान चालवायला शिकवत होती. छोटं विमान. डाव्या सीटवर शिकणारा, उजव्या सीटवर ती. अडीच हजार तास तिनं असे काढले होते, दुसऱ्यांच्या चुका सावरण्यात. विमान कंपन्यांनी मात्र ते तास कधी धरलेच नाहीत. "जेटचा अनुभव?" असं विचारायचे. जेटवर कुणी बसवल्याशिवाय तो कुठून यायचा, हे कुणी सांगत नव्हतं.

यंदा अनुभवी वैमानिक आखातात पांगले. एका कंपनीला माणसं मिळेनात, तेव्हा तिनं अटच खाली आणली: दोनशे तासवालेही चालतील. त्या लाटेत अमृतालाही पत्र आलं. एक तारखेला हजर व्हा. वय छत्तीस, ज्येष्ठता यादीत सगळ्यात तळाशी. तिनं शिकवलेली पोरं तिची वरिष्ठ. तरी तिला जायचं होतं. फक्त स्कूलचं ना-हरकत पत्र हवं होतं.

"मॅडम, एवढ्या तासांचा माणूस मी आणू कुठून?" मालक राजकुमार म्हणाले. घेताना कवडीमोल ठरलेले तास सोडताना एकदम सोन्याचे झाले होते. "तुमच्या जागी माणूस द्या, त्याच दिवशी सही करतो. तुम्ही पास केलेला कुणीबी चालंल."

तिनं फोन लावले. एक प्रशिक्षक दोह्याला निघून गेला होता. दुसरा गेल्याच महिन्यात कंपनीत लागला. तिसरा कानाच्या दुखण्यानं मेडिकलमध्ये बाद. मग तिनं जाहिरात दिली. तिच्यातले दीड हजार तास तिनं आठशे केले, मग स्वतःच्याच हातानं तीनशे. तेव्हा कुठं वैजापूरचा सोमनाथ आला. तीनशे दहा तास, प्रशिक्षकाचा परवाना कोरा करकरीत.

चाचणीला तिनं त्याला उजवीकडे बसवलं. "आता तू शिकवणारा, मी शिकाऊ. मी चुकेन. तू सावरायचं."

उतरताना तिनं मुद्दाम नाक वर धरलं. वेग पडत गेला. वेग फार पडल्याचा भोंगा वाजायला लागला. सोमनाथचे हात त्याच्या बाजूच्या सुकाणूच्या दांडीपर्यंत आले आणि तिथंच थबकले.

"मॅडम, स्पीड... स्पीड बघा ना."

शेवटी तिनंच नाक खाली दाबलं, इंजिनाला जोर दिला आणि विमान वर काढलं.

"विमान हातात घेतलं का नाहीस?"

"तुमच्या हातातून कसं हिसकून घेऊ, मॅडम? तुम्ही एवढ्या मोठ्या."

"मी शिकाऊ होते, सोमनाथ."

"व्हय. पण लई अवघड वाटलं."

दुसऱ्या फेरीत त्यानं विचारलं, "घेऊ का, मॅडम?" आणि ती हो म्हणेपर्यंत थांबला.

खाली राजकुमार टाइप केलेलं पत्र घेऊनच उभे होते. "भिडस्त आहे पोरगं. तुमच्यापुढं दबलं. शिकाऊ पोरांपुढं थोडंच दबणार? करा पास."

खरं असेलही ते. तिला ते खरं असायला हवं होतं. पण परवापासून पन्नाशीचे एक बिल्डर शिकायला येणार होते, सगळं गाव ज्यांना शेठ म्हणतं. त्यांच्या हातातून हा काय घेणार? कपाळ?

तिनं फॉर्मवर लिहिलं: अजून वीस तास, मग पुन्हा चाचणी.

कंपनीला फोन करून तिनं तारीख पुढं मागितली. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, तुमच्यामागं चारशे जण थांबलेत." अनुभवी मिळत नाहीत म्हणून गळा काढणारी हीच कंपनी.

राजकुमारांनी पत्र ड्रॉवरमध्ये टाकलं. "माझ्यावर चिडू नका. धोंडा तुमचा, पाय बी तुमचा."

ती बाहेर आली. सोमनाथ पंखाच्या सावलीत मान खाली घालून उभा होता.

"उद्या सातला ये. मी चुका करत राहणार. परवानगी मागितलीस की तिथंच खाली उतरवीन."

"व्हय, मॅडम," तो अदबीनं म्हणाला.

त्या अदबीचाच तिला संताप आला.