नको, नाका, ठेव

आमच्या घराण्यात हात आधी चालतो, डोकं मागून येतं. मिरवायला सांगत नाही. माझाच मला राग येतो म्हणून सांगतो.

अवसरी बुद्रुकला आम्ही मळ्यातच राहतो. मोटारीची केबल दोनदा चोरीला गेली तेव्हा मी चिडून चार कॅमेरे बसवले: विहिरीवर, गोठ्यावर, पडवीत आणि रस्त्यावरून मळ्यात वळायच्या तोंडाशी. त्या तोंडाला आम्ही नाका म्हणतो. समोर काही हललं की पडवीतल्या कॉम्प्युटरवर फाईल पडायची आणि तिच्या नावात आधी जागेचं नाव यायचं, इंग्रजी अक्षरांत. कुत्रं गेलं, फाईल. उसाचं पान हललं, फाईल. दिवसाला शेकड्यानं.

बायको माझी तळेघरकडची, डोंगरातली. तिला दमानं काम करायची सवय. भाकरी झाल्या की ती एकेक फाईल उघडून बघायची, बिनकामाची असली तर नावाच्या आधी ‘नको’ जोडायची, कामाची असली तर ‘ठेव’. फक्त तिचं स्पेलिंग, राव! कधी ‘नको’ एका के-चं, वैतागली की ‘नक्को’ दोन के-चं. आठवड्यातून एकदा मी काळ्या खिडकीत हुकूम टाईप करून हे सगळे नको एका दमात उडवायचो. हातानं एकेक उडवत बसलो असतो तर जन्म गेला असता.

ही काळी खिडकी मला खोडदला त्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीवर कामाला असलेल्या एका नातेवाइकानं शिकवली. त्यानं बजावलं होतं, “पावणं, हितं डिलीट मारलेलं कचरापेटीत जात न्हाई, थेट मसणात जातं. म्हणून आधी डीआयआर लिहायचं, यादी डोळ्यांनी बघायची. पटली तर डीआयआर खोडून डीईएल लिहायचं, बाकी ओळ तीच. आधी बघायचं, मग मारायचं.” हा नियम मी बायकोला इतक्यांदा ऐकवला, की मी तोंड उघडलं की ती म्हणायची, “आलं बाई गुरुजी.”

त्या दिवशी सकाळी चुलतभावानं नाक्यावर दगड टाकून आमची वाट अडवली. थोरला भाऊ, आमचा दादा, रिकाम्या हातानं विचारायला गेला. मी विहिरीवरून पळत पोचेस्तोवर चुलतभावानं पहार घातली होती. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, वाळकी फांदी मोडल्यागत. दादाचा हात कोपराखाली भलतीकडंच वळला होता आणि हा भडवा पहार परत उचलत होता. तेवढ्यात दादानं चांगल्या हातानं दगड घेतला आणि त्याचं कपाळ फोडलं. मी मधे पडलो. दोघांना सोडवलं तेव्हा माझ्या तोंडात रक्त होतं, कुणाचं ते अजून माहीत नाही.

आम्ही दादाला दवाखान्यात नेलं, चुलतभाऊ सरळ पोलीस ठाण्यात गेला. दादानंच आधी दगड घातला, जिवे मारायला आला, अशी तक्रार. प्लास्टर ओलं असतानाच दादाला ठाण्यात बसवला. साहेब मला म्हणाले, “व्हिडिओ असला तर चारच्या आत आणा. नाहीतर तुमचा भाऊ आत जातोय.”

घरी आलो तर स्क्रीनवर लाल पाटी: डिस्क भरली. डिस्क भरली की ते सॉफ्टवेअर आपल्या मनानं फायली पुसायला लागतं. नाक्याची फाईल पुसली जायच्या आत जागा करायची, एवढंच माझ्या डोक्यात. काळी खिडकी उघडली. नको वेगळं, नक्को वेगळं, दोनदा कोण लिहीत बसणार? डीईएल लिहिलं, पुढं एनएके, त्यापुढं चांदणी. चांदणी म्हणजे पुढं काहीही असो, उडव. एंटर.

मग डोक्यात उजेड पडला. नको एनएके, नक्को एनएके आणि नाकाही एनएके. आता डीआयआर लिहिलं. नाक्याची एक फाईल शिल्लक नव्हती. बैल गेला अन् झोपा केला. मी की-बोर्ड उचलून भिंतीवर फेकला, त्याची बटणं पडवीभर उडाली.

आवाज ऐकून बायको पिठाच्या हातानं बाहेर आली. स्क्रीन बघितली. “अहो, ऐका की, म्या मगाशीच...”

“तुला एक नको धड लिहिता येत नाही!” म्हणून मी तिच्या कानाखाली हाणली. सगळी ताकद लावून. ती खांबावर आपटली, ओठ फुटला, हनुवटीवरनं रक्त साडीवर आलं.

ती रडली नाही. आत गेली, तांदळाच्या डब्यातून पेनड्राईव्ह काढला आणि माझ्यापुढं ठेवला.

“नाक्याची फाईल हाय यात. तुमी दवाखान्यात गेला तवाच काढून ठिवली व्हती.” तिनं पदरानं ओठ पुसला. “आधी बघायचं, मग मारायचं, तुमीच म्हंता ना?”

चारच्या आत मी ठाण्यात होतो. फाईलमध्ये सगळं दिसत होतं: पहार, दादाचे रिकामे हात, दगड नंतर. संध्याकाळी दादा घरी आला. “तुझ्या मंडळींनी वाचवला रे मला,” म्हणाला. मग त्याचं लक्ष तिच्या गालाकडं गेलं. तिनंच सांगितलं, “दाढ दुखतीया.” मी खाली मान घालून चहा प्यायलो. लाज वाटली. आणि तिनं सांगितलं नाही म्हणून बरंही वाटलं, त्याची लाज जास्त वाटते.

पुढच्या आठवड्यात मी शहाण्यासारखं आधी डीआयआर लिहिलं आणि सगळी यादी बघितली. ‘ठेव’च्या दोन फायली होत्या. एक नाक्याची, तिनं परत चढवलेली. दुसरी पडवीची, त्याच दिवसाची. पडवीतला कॅमेरा माझ्या खुर्चीच्या मागंच आहे, हे मी विसरलो होतो. त्या कॅमेऱ्याला आवाज नाही. ती पिठाचा हात वर करून काहीतरी सांगतेय, आणि मग माझा हात येतो.

ती फाईल अजून आहे. दर आठवड्याला यादीत येते आणि दर आठवड्याला मी पुढं सरकतो. एकदाच धीर करून तिला विचारलं होतं, ही कशाला ठेवलीस?

ती भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, “कामाची हाय.”