सोमामामाची उजवी वहाण

भूतखेत, करणी असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. मी मिस्त्री माणूस – हवा गेली म्हणजे कुठेतरी भोक आहे, एवढंच मला कळतं. तरी हे लिहून राहिलोय, कारण मन खातं...

लढाई नुकतीच संपली होती, इंग्रज अजून होते. चोरखमाऱ्याच्या तलावाखालच्या एका गावात मी मालगुजारांचा ट्रॅक्टर चालवायचो. उन्हाळ्यात नांगरताना पुढचं चाक खुंटावर गेलं अन् टायर चार बोटं फाटलं. नवीन टायर परमिटशिवाय मिळेना. मालक म्हणाले, "पावसापर्यंत कसंही चालव."

ट्यूबला सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला. पण टायरच्या चिरेतून ट्यूब बाहेर फुगणार, म्हणून तिथे आतून जाड चमडं लावणं भाग होतं. गावातला सोमामामा तलावाची पाळ अन् पाट सांभाळायचा. दिवसभर काट्याकुट्यातून चालणं, म्हणून त्याच्या वहाणा चांगल्या दणकट. मी उजवी मागितली.

"अन् मी का लंगडी खेळू?" तो म्हणाला.

"सांजेले नवा जोड आणून देतो ना, मामा."

दिली बिचाऱ्याने. कापून आत बसवली, हवा भरली, चाक झकास चाललं. अन् मी जोड आणायचं विसरलो... नाही, खोटं कायले लिहू? विसरलो नव्हतो. बाजारात जायचा कंटाळा केला. तो रोज अनवाणी यायचा, "काऊन रे, आणल्या का?" मी म्हणायचो, "आणूनच राहिलो, मामा."

मग त्याच्या उजव्या तळपायात बाभळीचा काटा मोडला. आठवड्याने दातखीळ बसली – धनुर्वात. मामी धावत आली, "ट्रॅक्टरवर गोंदियाले घेऊन चाल, भाऊ."

ट्रॉलीत धानाचं तणीस पसरून मामाला निजवलं. पाहतो तर पुढचं चाक बसलेलं! त्याला उतरवलं, ट्यूब काढून पाण्यात बुडवली – एक बुडबुडा नाही. व्हॉल्व्ह ठीक. हवा भरली, राहिली. मामाला चढवलं... चाक पुन्हा बसलं. तिसऱ्यांदाही तेच. मागच्या ट्रॉलीतल्या एका माणसाच्या वजनाने पुढचं चाक बसत नसतं, हे मी छातीठोक सांगतो. मामाला बोलता येत नव्हतं, नुसता माझ्याकडे पाहत होता. मला काही त्याच्याकडे पाहवेना.

शेवटी बैलगाडी जुंपली. माझ्या हवा भरण्यात अर्धा दिवस गेला होता. गाडी अर्ध्या वाटेवरूनच मामाला घेऊन परत आली. सगळं संपलं होतं.

त्याच चमड्यावर ते चाक पावसापर्यंत चाललं, एकदाही हवा गेली नाही. का, ते मला आजतागायत कळलेलं नाही. कोणाला कळलं तर जरूर लिहा.

आमच्याकडे दहाव्याला मेलेल्याच्या नावाने वहाणा दान देतात. मी नवा जोड घेऊन गेलो. मामीने तो हातात घेतला, उलटून तळ पाहिला.

"बजार एवढा दूर होता का रे, भाऊ?" ती म्हणाली.