दोन वेगळ्या रेघा

श्रीरामपूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी गणित शिकवत होते. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. एके दिवशी प्राचार्यांनी बोलावून एक जाडजूड कॅल्क्युलेटर माझ्या हातात ठेवला. संस्थेच्या अध्यक्षांच्या जावयाने तो अमेरिकेहून आणला होता. तो एक्स-वायची समीकरणं सोडवायचा, अवयव पाडायचा, आलेखही काढायचा.

"मॅडम, आठवडाभर बघा. मुलांच्या उपयोगाचा आहे का, ते एका पानात लिहून द्या."

घरी मी त्याला बारावीचा जुना पेपर घातला. उत्तरं भराभर आली, पण पायरी एकही दाखवेना. आमच्याकडे मार्क पायऱ्यांना. 'उपयोगाचा नाही' असं लिहून मी मोकळी झाले.

तरी दुसऱ्या दिवशी तो नापास मुलांच्या जादा तासाला नेला. गणितात दोनदा नापास झालेली एक मुलगी तिथे एसटीने यायची. कंस सोडवताना तिचं उत्तर हमखास चुकायचं. मी मूळ गणित आणि तिचं उत्तर, दोन्हींचे आलेख काढले. पडद्यावर दोन वेगळ्या रेघा उमटल्या.

"एकच पायजे ना, मॅडम?"

"हो."

ती वहीत डोकं घालून बसली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "कंसाच्या आधी वजा हाय. मी आतलं चिन्ह बदललंच न्हाई."

वर्षभर मी हेच घसा फोडून सांगत होते. शनिवारपर्यंत तिचे कंस बरोबर येऊ लागले.

मी अहवाल फाडून नवा लिहिला. प्राचार्यांनी तो उभ्याउभ्याच वाचला.

"बोर्डाच्या परीक्षेत चालतो का?"

"नाही. पण चूक स्वतःची स्वतः सापडते, सर. हा एक तरी वर्गात राहू द्या."

"अध्यक्षांना परत द्यायचाय, मॅडम. तो काही आपला नाही."

सोमवारी तिने विचारलं, "आज न्हाई आणला? डेरिव्हेटिव्हचं बघायचं हुतं." मी खडूने फळ्यावर आलेख काढू लागले. दोन गणितं होईतो तास संपला.

ऑक्टोबरच्या परीक्षेत ती थोडक्या मार्कांनी नापास झाली. निकाल घेऊन स्टाफरूमच्या दारात आली. "कंस एकबी चुकला नसंल, मॅडम," म्हणाली. मी तिला पुन्हा फॉर्म भरायला सांगितलं. "बघते," म्हणत तिने गुणपत्रिकेची घडी घातली. मार्चच्या परीक्षेला बसणाऱ्यांच्या यादीत मी तिचं नाव दोनदा शोधलं. नव्हतं.