मुहूर्ताची मोरी

आमच्या वडिलांना, म्हणजे दादांना, माझ्या घरातून माझ्या बायकोनं नव्हे, मोरीनं हाकललं होतं.

निजामाचं राज्य होतं. मी औरंगाबादेत बांधकामाच्या तामीरात खात्यात कारकून होतो. (म्हणजे सरकारी इमारतींच्या नळ-गटारांबद्दल उर्दूत लिहीत होतो. हात लावायचा प्रश्नच नव्हता!) आई गेल्यापासून दादा फुलंब्रीला एकटेच, चुलीशी झगडत राहायचे. एकदा हट्टानं आणलं, तर स्वयंपाकघरातल्या मोरीच्या वासानं दुसऱ्या दिवशीच टांग्यात बसले. "तुझ्या घरात भाकरीला बी गटाराचा वास येतो रे!"

म्हणून मी मोरीखालची शिशाची वाकडी नळी काढली. झिजून तिची पार चाळण झाली होती. तिच्या जागी बिडाची तशीच वाकडी, पण नवी, काळी कुळकुळीत नळी बसवली आणि दादांना सांगावा धाडला.

बायको खरकटी भांडी घेऊन आली, तसा मी आडवा आलो.

"थांब! नवी वस्तू हाय. आपल्यात पहिला हात वडीलधाऱ्याचा."

"अहो, मोरीला कसला मुहूर्त?"

"विहिरीला असतो, बैलगाडीला असतो, मोरीनंच काय घोडं मारलं?"

तिनं मोरीला हळद-कुंकू वाहिलं (बघत मात्र माझ्याकडं होती) आणि भांडी अंगणात नेली.

आणि वास सुटला! पूर्वी तो नुसता येऊन जायचा, आता त्यानं बिऱ्हाडच थाटलं. उदबत्ती लावली, तर उदबत्तीलाच वास येऊ लागला. कापूर जाळला. शेजारच्या नसीम खालांनी भिंतीवरून लोबान दिला आणि वर विचारलं, "बेटा, नळी बदले की पूरा गटार घर में ले लिये?" मी हट्टाला पेटलो. कोरडं फडकं घेऊन मोरी सकाळ-संध्याकाळ पुसायचो. जेवढी पुसावी, तेवढा वास वाढायचा!

अशात दादा आले. उंबऱ्यातच त्यांचं नाक वर झालं.

"टांगेवाल्या, थांब रे!"

"दादा, मोरी नवी हाय!"

"व्हय, कळालं की. जुनी लई बरी हुती."

दादा वळले. आता गेले तर पुन्हा यायचे नाहीत, हे मला ठाऊक होतं. बायकोच पुढं झाली. "मामंजी, निदान हातपाय तरी धुवा. तुमच्या हातानं मुहूर्त करायचा म्हणून यांनी मोरीत थेंब पडू दिला नाय."

"माझ्या हातानं?"

दादा आत गेले. हातपाय धुतले, चूळ भरली, घंगाळ उपडं केलं. गुडगुड झाली आणि थोड्या वेळात वास गायब! नळीच्या बाकात पाणी साचलं की गटाराचा वास खालीच अडतो. त्यासाठीच तर ती वाकडी असते! हे मी कचेरीत कितीदा सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, फक्त वाचलं नव्हतं.

मला वाटलं, दादा हसतील. ते मोरीकडं बघत राहिले.

"तुझ्या आईनं बी नवं लुगडं असंच जपलं हुतं. घडी मोडायची ऱ्हाऊनच गेली." मग म्हणाले, "वापरत जावं रे वस्तू."

टांगा रिकामा परत गेला.

दादा राहिले ते कायमचे. रोज सकाळी मोरीत तांब्याभर पाणी ओतायचे. खालांनी एकदा विचारलं, "दादाजी, ये रोज काय को?"

"पोरगं कचेरीला जातं तवा एक तांब्या पुरतो," दादा म्हणाले. "सुट्टीला घरी असलं, की फडकं घेऊन पुसत बसतं, मग दोन लागतात!"