पूल आला, येन

आमच्या गावचं कुणी शहरातल्या दवाखान्यात वारलं, की पहिला निरोप घरच्यांना आणि दुसरा खंफनला. खंफन तसा भातशेतीवाला माणूस, पण हे काम त्याचंच. प्रेत गाडीत ठेवलं की हा उशाशी बसतो, उदबत्ती पेटवतो आणि वाटभर मेलेल्या माणसाशी बोलत राहतो. "पूल आला, मावशी. सांभाळून ये." "डावीकडे वळतोय हं, मागे राहू नकोस." देह काय, गाडीत बसून येतो, जिवाला मात्र वाट सांगावी लागते. पाणी ओलांडायचंय हे सांगितलं नाही, तर बिचारा पुलाअलीकडेच उभा राहतो. मग तिन्हीसांजेला त्या पुलावरून जायची कुणाची छाती होत नाही.

हे काम त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्याचा एकुलता एक मुलगा थोंग बँकॉकला बांधकामावर होता, परांचीवरून पडून गेला. खंफनने त्याला टेम्पोतून घरी आणलं. बँकॉकपासून आमच्या वेशीपर्यंत एक पूल चुकवला नाही, एक वळण सोडलं नाही. घसा बसला तरी बोलत राहिला. आणि थोंग पोचला तो असा पोचला, की पुन्हा कधी जाणवलाच नाही. ना जिन्यावर पाऊल वाजलं, ना आईच्या स्वप्नात आला. गाव म्हणालं, काम करावं तर खंफनने! तेव्हापासून हे काम त्याच्या गळ्यात पडलं ते पडलंच.

आता येनचं ऐका. येन हा फरांग, म्हणजे गोरा, डेन्मार्कचा. खरं नाव येन्स, आम्ही त्याचं येन केलं. आमच्याकडे येन म्हणजे थंड, आणि हा बाबा बारा महिने घामाने निथळायचा. गावाला हसायला तेवढं पुरे. त्याने आमच्या नुआनखेशी लग्न केलं, तळ्याकाठी घर बांधलं. नुआनखे वारली तेव्हा सगळ्यांना वाटलं, हा आता आपल्या देशी जाणार. गेला नाही. लाल प्लॅस्टिकचं स्टूल घेऊन रोज दुपार कलली की तळ्यावर येऊन बसायचा. शेजारी खंफन. दोघांचे गळ पाण्यात. येनला आमची भाषा म्हणजे मासा, भात आणि "तिखट नको", एवढीच. खंफनला त्याची तेवढीही नाही. तरी दहा-बारा वर्षं दोघं असे बसले, की बायका म्हणायच्या, नवरा-बायको बरे, निदान भांडतात तरी.

एका दुपारी मरळ गळाला लागला आणि येन तिथेच काठावर कोसळला. दवाखान्यात नेला, तिथेच वारला. डेन्मार्कहून त्याची बहीण आली, उंच, रडून डोळे सुजलेली. त्याला आईशेजारी पुरायचं, म्हणून विमानाने न्यायचं ठरलं. चांगली बाई, तिला दोष नाही. पण बंद गाडी आली, आत पत्र्याची पेटी. खंफन उदबत्त्या घेऊन उभाच होता.

"आजोबा, मागे बसता येत नाही," ड्रायव्हर म्हणाला.

"अरे, मग त्याला वाट कोण सांगणार?"

"विमानवाले सांगतील की!" असं म्हणून मेल्याने दार लावलं. हसला वर.

येन गेला, आणि येन राहिला.

खंफनचं कुत्रं रोज त्या रिकाम्या स्टुलाजवळ जाऊन शेपूट हलवायचं. येन उकळायचा तशा काळ्या कॉफीचा वास यायचा, आणि तळ्याच्या आसपास चूल पेटलेली नसायची. खंफनच्या घरी खुंटीवर राहिलेली येनची टोपी एकदा ओली लागली. खंफनने ती नाकाशी धरली. तळ्याचं पाणी, दुसरं काही नाही. अंगावर काटा आला त्याच्या. पण खोटं कशाला बोला, बरंही वाटलं. तो गळ टाकून बसायचा, शेजारी कुणीतरी श्वास घेतंय असं वाटायचं, आणि मान वळवायचं धाडस व्हायचं नाही. वळवली आणि कुणी नसलं तर?

गावाने तळ्याकडे जाणं सोडलं. शेवटी खंफनची बायको बुआरिएनच कडाडली, "तो तिथे अडकून पडलाय आणि तुम्ही खुशाल मासे धरताय! तिकडे त्याची आई वाट बघत असेल."

"त्याची आई केव्हाच मेली."

"मेली म्हणूनच! तिला दुसरं काम काय?"

आईने वाट बघणं म्हणजे काय, हे त्या घरात कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती. दुसऱ्या दिवशी पहाटे बुआरिएनने चिकट भात आणि उकडलेलं अंडं केळीच्या पानात बांधून दिलं. खंफनने तळ्यावर जाऊन उदबत्ती लावली, टोपी छातीशी धरली. "चल, येन. घरी जायचंय." कुत्रं वेशीपर्यंत मागे आलं, तेही एकटं चालल्यासारखं नाही, कुणाच्या तरी पायात घुटमळत.

बँकॉकच्या बसमध्ये उदबत्ती लावू देतात होय! कंडक्टर खेकसला. मग नुसतीच टोपी मांडीवर. "पूल आला, येन." "मून नदी आहे ही, मोठी आहे, घाई करू नकोस." शेजारची बाई उठून पुढे जाऊन बसली. वाट तीच होती, फक्त उलटी. याच पुलांवरून त्याने थोंगला आणलं होतं. एका पुलापाशी त्याच्या तोंडून "पूल आला, बाळा" असं निघून गेलं. मग बराच वेळ त्याने टोपीकडे पाहिलं नाही.

विमानतळ म्हणजे नुसती काच आणि गारठा. खंफनने गणवेशातल्या एका पोरीला विचारलं, "डेन्मार्कला कुठून जातात?" तिने दूरच्या दाराकडे बोट केलं. "तिकिटाशिवाय पुढे नाही जाता येत हं, आजोबा." तो दाराजवळच्या बाकावर बसला. येनचा देश त्याने फक्त फोटोत पाहिलेला: बर्फ, एक होडी, लाल घर.

"येन, मला इथवरचंच ठाऊक," तो हळूच म्हणाला. "पुढे आभाळ आहे. तिथे पूल कुठे, वळण कुठे, मी काय सांगू? गोरी माणसं जातील त्यांच्या मागोमाग जा. आई भेटेल." मग भात आणि अंडं बाकाखाली ठेवलं, टोपी बाकावर ठेवली आणि तो मागे न बघता निघाला. डोळे वाहत होते, पुसले नाहीत.

"अहो बाबा! ओ बाबा!" हाक आमच्याकडच्या बोलीत आली. झाडूवाली धावत येत होती. "टोपी विसरलात की!"

"विसरलो नाही गं. ठेवली."

"इथे ठेवून कसं चालेल? कचऱ्यात टाकतील." तिने टोपी त्याच्या हातात कोंबली. "आणि ओली कशाने झाली ही?"

परतीच्या बसमध्ये खंफन तोंड मिटून बसला. पहिला पूल गेला, तो बोलला नाही. दुसरा गेला. कुणाला आणायचं म्हणून तो निघालाच नव्हता, पोचवायला गेला होता. पण मागे त्या गारठ्यात, परक्या माणसांत, टोपीवाचून उभा असलेला येन त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. ज्याला "भात" आणि "मासा" याखेरीज कुणाशी बोलता येत नाही, तो वाट विचारणार कुणाला? तिसरा पूल आला तेव्हा खंफनने टोपी मांडीवर घेतली.

"पूल आला, येन," तो म्हणाला. "मागचे दोन राहिले, माझी चूक. धावत ये."

नंतर त्याने एकही सोडला नाही.

घरी आला तेव्हा बुआरिएन ओसरीवर तांदूळ निवडत होती. कुत्रं उठलं, खंफनला ओलांडून त्याच्या मागे गेलं आणि शेपूट हलवू लागलं. बुआरिएनने कुत्र्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"पोचवायला गेला होतात ना?"

"हो."

"मग?"

खंफनने टोपी खुंटीला अडकवली. आता ही ओरडणार, असं धरून तो उभा राहिला. ती ओरडली नाही. सुपातले खडे वेचत राहिली.

"थोंगला आणताना," ती मान वर न करता म्हणाली, "एखादा पूल विसरला असतात, तर काय बिघडलं असतं? निदान जाणवला तरी असता."

खंफन तिच्याजवळ बसला आणि तिच्यासोबत खडे वेचू लागला.