वाघाच्या पंजाजवळचं आडनाव

"नाव राहू दे. आडनाव पुसून टाक."

संचालक साहेब माझ्या मागे उभे होते. मी उकिडवी बसून भिंतीवर वाघाच्या पंजाजवळ सही करत होते. सौंसरातली खाजगी शाळा, मैदानाकडची लांब भिंत, नऊ दिवसांचं काम. वाघ हे शाळेचं चिन्ह. टाय घातलेला, पाठीवर दप्तर, हसरा. हसराच पाहिजे, लहान पोरं भ्यायला नको, असं साहेबांनीच सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी उद्घाटन.

मी विचारलं, "काहून, साहेब?"

"पालक येतात, वाचतात. प्रार्थना याच भिंतीसमोर होते. उगाच चर्चा कशाला?" मग आवाज मऊ केला. "तू समजदार मुलगी आहेस."

मी बत्तीस वर्षांची. दोन लेकरांची आई. मुलगी म्हणे.

आणि मी पुसलं. खोटं सांगणार नाही. तारपीनचा फडका घेतला, दोनदा घासला, आडनाव गेलं. माझ्याच हातानं. वरून साहेबांना विचारलंही, "आता ठीक आहे ना?" पुसल्यापेक्षा त्या विचारण्याची लाज मला जास्त वाटते.

आमचं आडनाव वाचलं की माणसाला आमची वस्ती कळते, जात कळते. पहिल्या दिवशी गेटवरच्या रजिस्टरात ते लिहिलं आणि शाळेतली हवा बदलली. वऱ्हांड्यात थंड पाण्याचं कूलर होतं, माझ्यापासून दहा पावलांवर. नऊ दिवस मी ओंजळ धरून प्यायले, चपराशी वरून ओतायचा. ब्रश धुवायला नळ दाखवला तो संडासाजवळचा. मी गप्प राहिले. साहेबांच्या पांढुर्ण्यात आणखी दोन शाळा होत्या, त्या भिंतीही मलाच देणार म्हणाले होते. काम पाहिजे होतं, म्हणून गप्प.

संध्याकाळी मोहगावला घरी आले. बाबा अंगणात बसले होते. तेही पेंटर. मोठं चित्र चौकटी आखून भिंतीवर कसं चढवायचं, ते मी त्यांच्याकडूनच शिकले. सौंसरच्या बाजारातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या एकेकाळी त्यांच्या हातच्या होत्या. मग फ्लेक्स आलं, आणि आता हातही कापतो.

"वाघ झाला?"

"झाला."

"सही केली?"

मी ब्रशांची पिशवी खाली ठेवायला वाकले. त्यांना समजलं. म्हणाले, "मले कोणी पुसायले नाही लावलं, बाई. मी कधी लिहिलीच नाही. भेवाच्या मारे."

चाळीस वर्षं लोकांची नावं रंगवलेला माणूस. स्वतःचं एकदाही नाही. मी जेवले नाही त्या दिवशी.

सकाळी शाळेत गेले तर गेटवर सांगितलं, मागच्या बाजूला थांब, समोर पाहुणे बसून राहिले. मी मागे, शिड्यांजवळ उभी. तिथून सगळं दिसत होतं. चित्रकलेच्या सरांना हार घातला. हे सर नऊ दिवसांत दोनदा येऊन गेले होते, खिशात हात घालून. आता त्यांच्या हातात कोरा ब्रश होता, फोटोसाठी. माइकवरून कार्यक्रम चालवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "आमच्या सरांच्या हातातून साकारलेला हा वाघ!"

टाळ्या.

मी काळ्या रंगाचा डबा उचलला आणि पालकांच्या खुर्च्यांमधून सरळ चालत गेले. भिंतीसमोर बसले. नाव पुन्हा लिहिलं, पुढे आडनाव लिहिलं. कालच्यापेक्षा तिप्पट मोठं.



"ए! काय करून राहिली तू?" साहेब ओरडले.

"सही करून राहिली, साहेब. काल अर्धी झाली होती."

"पोलिसांना बोलावू का?"

"बोलवा. त्यांच्यासमोर मी आणखी एक वाघ काढून दाखवते. सरांनाही काढू द्या."

सरांनी ब्रश पाठीमागे लपवला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक बाई उठून माझ्या बाजूनं बोलली, असंही काही झालं नाही. लोक पाहत राहिले. मी वऱ्हांड्यात गेले, कूलरवरचा ग्लास घेतला, भरला, तोंड लावून प्यायले. घाई केली नाही.

दुपारपर्यंत त्यांनी सहीवर पिवळा रंग फिरवला. पांढुर्ण्याच्या दोन्ही भिंती दुसऱ्याला गेल्या. "त्या बाईला बोलवू नका," हे सौंसरभर फिरलं. हंगामभर मी कापूस वेचायला गेले. बोटं चिरली. घरात भांडणं झाली. नवरा म्हणाला, एका आडनावापायी एवढं? मी म्हटलं, हो, एवढं.

परवा सावरगावकडच्या एका सरकारी शाळेतून बोलावणं आलं. गुरुजींनी भिंत दाखवली. चुना नुकताच वाळलेला. हरिण पाहिजे म्हणाले, पुस्तक वाचणारं.

मी म्हटलं, "आधी सहीचा कोपरा सांगा."

"सही तर शेवटी करतात ना, बाई?"

"मी आधी करते. आडनावासकट. चालत नसेल तर आत्ताच सांगा."

गुरुजींनी चुन्यावर बोट फिरवून पाहिलं. म्हणाले, सरपंचांना विचारून सांगतो.

विचारा. ज्याला विचारायचं त्याला विचारा. भिंतीवर पहिला ब्रश लागेल तो माझ्या आडनावाचा. नाहीतर हरिण दुसऱ्या कोणाकडून काढून घ्या.